वाढणारें शहर आणि पसरणारें शहर

आपल्या मराठींत 'वाढणें' ह्या एकाच क्रियापदाला दोन अर्थ आहेत. मूल वाढतें, झाड वाढतें, कर्ज वाढतें, हा एक. आणि पंक्तींत बसलेल्याच्या पानांत आपण भात वाढतों, वरण वाढतों, हा दुसरा. संस्कृतांत वृध् धातूकडे पहिलें काम आहे. दुसऱ्यासाठीं तेथें परिवेषण हा निराळा शब्द योजावा लागतो. मराठीनें मात्र दोन्ही कामें एकाच शब्दाकडे सोंपविलीं. त्यामुळें "सोलापूर वाढत आहे" हें वाक्य कोणी मोठ्या अभिमानानें उच्चारलें कीं मला त्यांतला दुसरा अर्थच आधीं आठवतो. शहर वाढतें तें कोणाच्या पानांत काय वाढतें, आणि पंक्तीच्या अगदीं टोंकाला बसलेल्यापर्यंत वाढपी पोंचतो कीं नाहीं?

प्रथम ही वाढ मोजून पाहूं. जन्मभर मुलांकडून त्रैराशिकें सोडवून घेतलेल्या माणसाची ही जुनी खोड आहे. वाचकांनीं ती सोसून घ्यावी. 1901 च्या शिरगणतींत सोलापूरची वस्ती 75,288 होती. 2001 सालीं ती 8,72,478 भरली, आणि 2011 सालीं साडेनऊ लाखांच्या किंचित् वर गेली. म्हणजे त्या शेवटच्या दहा वर्षांत शहर शेंकडा नवांच्या आसपास वाढलें. त्याच दहा वर्षांत सबंध महाराष्ट्र शेंकडा सोळांनीं वाढला. 2021 ची शिरगणती ठरल्या वेळीं झाली नाहीं, म्हणून त्यापुढचें कोणीं कांहींहि सांगितलें तरी तो अंदाजच समजावा. आतां जमीन पाहा. 5 मे 1992 रोजीं शहराची हद्दवाढ झाली, भोंवतालचीं अकरा गांवें आंत आलीं, आणि सुमारें 33 चौरस किलोमीटरांचें सोलापूर एका दिवसांत 178 चौरस किलोमीटरांचें झालें. 1991 सालीं जुन्या हद्दींत सहा लाख माणसें राहत होतीं. म्हणजे चौरस किलोमीटरास अठरा हजार. 2011 सालीं तोच भागाकार पांच हजार तीनशेंवर आला. माणसें दीडपटीच्या थोडीं वर गेलीं, आणि त्यांतहि त्या अकरा गांवांचे मूळ रहिवासी आलेच. जमीन मात्र पांचपटीहून अधिक झाली. ह्याला वाढणें म्हणावें कीं पसरणें? कणीक तेवढीच ठेवून पोळी मोठी मोठी लाटीत गेलें म्हणजे ती कोठें तरी फाटतेच, हें आपल्या घरांतील नव्या सुनेलाहि ठाऊक असतें.

पसरण्याचा अनुभव सोलापुरास नवा नाहीं. एकेकाळीं गांवाभोंवतीं तट होता. त्याचा घेर अडीच मैलांच्या आसपास. म्हणजे कोणत्याहि वेशींतून निघालें तरी पलीकडच्या वेशीपर्यंत पायीं पाव तासाची वाट. 1852 सालीं नगरपालिका आली, 1860 सालीं आगगाडी आली, आणि वस्ती आंत मावेना म्हणून 1872 च्या सुमारास नगरपालिकेनें पूर्वेकडचा तट सगळा व इतर बाजूंचा कांहीं पाडून टाकला. बाळीवेस, तुळजापूर वेस, विजापूर वेस हीं आतां केवळ नांवें उरलीं आहेत. तेथून आंत येणाऱ्या रिक्षावाल्यास आपण वेस ओलांडली हें स्वप्नांतहि येत नसेल. 1877 सालीं पहिली कापडगिरणी चालूं झाली, तिलाच पुढें लोक जुनी मिल म्हणूं लागले. मागोमाग लक्ष्मी, विष्णु, नरसिंग गिरजी, जाम ह्या गिरण्या आल्या आणि त्यांच्याबरोबर चाळी आल्या.

त्या चाळींचें गुणगान करण्याचा माझा हेतु नाहीं. एका खोलींत आठ माणसें, सामायिक नळ, सामायिक शौचकूप, आणि साथ आली कीं आधीं तेथेंच शिरावयाची. परंतु चाळी बांधणारांना एक गोष्ट पक्की समजलेली होती: कामगाराचें घर भोंग्याच्या आवाजाच्या आंत असलें पाहिजे. भोंगा झाला कीं माणूस उठे, चहा घेई आणि पायीं कामावर जाई. त्याच्या मजुरींतला एकहि पैसा वाटेंत सांडत नसे. पूर्व भागांत तेलंगणांतून आलेल्या विणकरांनीं तर तेवढेंहि अंतर ठेविलें नाहीं. खालीं माग आणि वर बिऱ्हाड, नाहीं तर एकाच खणांत दोन्ही. सोलापूरचें नांव देशभर नेणारी चादर अशा दाटींतच विणली गेली.

म्हणून 'दाटी' हा शब्द उच्चारतांच नाक मुरडण्याची जी रीत सुशिक्षितांत पडली आहे, तिच्याशीं माझें जमत नाहीं. दाटी निराळी आणि कोंडी निराळी. दाटी माणसांची असते, कोंडी वाहनांची. मी शुक्रवार पेठेंत राहतों. येथील बोळ अरुंद आहेत, भिंतीला भिंत लागलेली आहे. शेजारीं फोडणी कशाची पडली हें आम्हांस कळतें आणि आमच्याकडे कोण कोणावर रागावलें हें त्यांस कळतें. पण किराणा पांच मिनिटांवर, औषधाचें दुकान सात मिनिटांवर, आणि आजोबा गणपतीचें दर्शन घेऊन येईपर्यंत चुलीवरचा भात खालीं लागत नाहीं. ऐंशी उलटलेलीं माणसें येथें स्वतःच्या पायांनीं देवळांत जातात आणि वाटेंत चार जणांची विचारपूस करून परत येतात. बोळ तुंबतो तो ह्या माणसांनीं नव्हे. तो तुंबतो दुतर्फा उभ्या केलेल्या मोटारींनीं व दुचाकींनीं, आणि त्यांतल्या पुष्कळशा पेठ सोडून बाहेर राहावयास गेलेल्या, पण दुकानासाठीं, कचेरीसाठीं, देवासाठीं रोज परत येणाऱ्या लोकांच्या असतात! संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या यात्रेंत उंच उंच नंदिध्वज जुन्या गांवांतल्या रस्त्यांवरूनच मिरवत जातात. त्या दिवशीं हजारों माणसें त्या रस्त्यांत मावतात. गर्दी होते, कोंडी होत नाहीं, कारण त्या दिवसापुरता रस्ता पायांचा असतो.

कौटिल्यानें अर्थशास्त्रांत दुर्गनिवेशाचें प्रकरण लिहिलें, त्यांत आरंभ घरांपासून केलेला नाहीं. पूर्व-पश्चिम तीन आणि दक्षिणोत्तर तीन राजमार्ग त्यानें आधीं आंखले, कोणता रस्ता किती दंड रुंद हें सांगितलें, आणि मग कोणीं कोठें राहावें हा विषय काढला. दुसऱ्या एका प्रकरणांत दोन घरांमध्यें किती जागा सोडावी, सांडपाणी कसें काढावें, ह्याचे नियम आणि ते मोडणारास दंड सांगितला आहे. (पहिला दंड मापाचा आणि दुसरा शिक्षेचा, हें वर्गांत समजावून देतांना मागच्या बांकावरील मुलेंहि जागीं होत असत.) आपण हा क्रम उलटा केला. आधीं शेतांत भूखंड पाडले, मग त्यांवर घरें बांधलीं, मग रस्ता मागितला, मग गटार मागितलें, आणि त्या रस्त्यावरून एखादी बसगाडी जावी हा विचार सर्वांच्या शेवटीं, तोहि निवडणुकीच्या दिवसांत.

ह्या चर्चेचा आपल्या कुटुंबांशीं काय संबंध, असें कोणी म्हणेल. संबंध अगदीं उंबऱ्यापर्यंत येऊन ठेपला आहे. आमच्या पेठेंतील एका वाड्यांत तीन भावांचें एकत्र कुटुंब नांदतें. वाडा आजोबांनीं बांधलेला. माळवद दर पावसाळ्यांत गळतें, तुळयांना वाळवी लागली आहे. थोरल्यांचें म्हणणें, वाडा बांधकाम करणाऱ्यास द्यावा, त्यानें त्या जागीं पांच मजले चढवावे, आणि तिघांनीं एकेक फ्लॅट घ्यावा. धाकट्यांचें म्हणणें, वाडा विकावा आणि जुळे सोलापुरांत बंगला बांधावा; पुढें बाग, दाराशीं मोटार, मुलांना मोकळी हवा. मधल्यांचा मुलगा व सून पुण्यास नोकरीला आहेत. त्यामुळें ते दोघांचेंहि ऐकून घेतात आणि कोणालाच होकार देत नाहींत. एके दिवशीं ही बैठक भरली असतां मला मध्यस्थ म्हणून बोलावणें आलें. धाकट्यांनीं बंगल्याचा नकाशा पसरला आणि पारिजातक कोठें लावावयाचा हेंहि दाखविलें. कोपऱ्यांत वाती वळीत बसलेल्या त्यांच्या मातोश्रींनीं एवढेंच विचारलें, "अरे, तिथनं मला सिद्धेश्वराला माझं मला जातां येईल का?"

"आई, मी मोटारीनं सोडीन कीं," धाकटे म्हणाले.

"तूं सोडशील रे, पण तुझ्या सवडीनं."

बैठक तेथेंच थांबली. मला वाटतें, नगररचनेच्या साऱ्या वादांतलें मर्म त्या माउलीनें हातांतली वात न सोडतां सांगून टाकलें. बंगल्याची हवा मोकळी असते हें खरें. पण ती मोकळीक गाडी चालविणाऱ्यापुरती असते. घरांतल्या आजीला, आठवींतल्या नातवाला, कॉलेजांत जाणाऱ्या मुलीला तेथें दुसऱ्याच्या सवडीवर जगावें लागतें. मुलीस शिकवणीहून आणणें, सासऱ्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणें, हीं कामें मग घरांतल्या सुनेकडे येतात, आणि तिचा अर्धा दिवस स्कूटरवर जातो. जुन्या हद्दींत हें काम रस्ता करीत होता. नव्या हद्दींत तें एका माणसाच्या अंगावर पडलें.

थोरल्यांच्या पांच मजल्यांविषयींहि दोन शब्द बोललें पाहिजे. डिसेंबर 2020 मध्यें राज्य शासनानें एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू केली आणि मुंबईसारखे अपवाद सोडून बहुतेक शहरांना एकच कायदा दिला. तींत इमारत किती चढवावी हें बव्हंशीं पुढच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरविलें आहे. तत्त्व चांगलें आहे. कौटिल्यालाहि तें पटलें असतें. पण रस्त्याबरोबर पाणीहि मोजावयास हवें. शंभराहून अधिक किलोमीटरांवरच्या उजनी धरणांतून पाणी आणणाऱ्या ह्या शहरानें कित्येक वर्षें चार-चार, पांच-पांच दिवसांनीं नळाचें तोंड पाहिलें आहे. पांचव्या मजल्यावर पाणी विजेच्या पंपानें चढतें हें खरें, पण त्यासाठीं तें आधीं तळमजल्यावर यावें लागतें. मला मत विचारण्यांत आलें तेव्हां मी थोरल्यांच्या बाजूस झुकलों, परंतु तीन मजल्यांवर थांबा आणि चौक मिटवूं नका, एवढी अट घालून. चौक गेला म्हणजे उजेड गेला, आणि उजेड गेला म्हणजे दाटीची कोंडी व्हावयास वेळ लागत नाहीं. निकाल अजून लागलेला नाहीं.

आतां बसगाडीकडे वळूं. कारण वस्ती दाट ठेवावी कीं विरळ, ह्या वादांत जी बाजू सहसा कोणी मांडीत नाहीं ती हीच. पुन्हां एक त्रैराशिक. एक किलोमीटर लांबीचा बसमार्ग घ्या. त्याच्या दोन्ही बाजूंनीं अर्धा-अर्धा किलोमीटर माणूस पायीं थांब्यापर्यंत येईल असें धरा. हा झाला एक चौरस किलोमीटर. हद्दवाढीपूर्वींच्या सोलापुरांत एवढ्या जागेंत अठरा हजार माणसें होतीं, आजच्या सरासरीनें पांच हजारांच्या थोडीं वर. दहांतील एक जण बसला आला असें मानलें तर एकीकडे अठराशें उतारू आणि दुसरीकडे पांचशें तीस. डिझेल तेवढेंच, चालक-वाहक तेवढेच, टायर तेवढेच झिजणार. मग विरळ भागांत गाडी तोट्यांत जाते, तोटा झाला म्हणून फेऱ्या कमी होतात, फेऱ्या कमी झाल्या म्हणून माणूस थांब्यावर तिष्ठतो, आणि तिष्ठून कंटाळला कीं हप्त्यानें दुचाकी घेतो. त्यानें दुचाकी घेतली कीं उरलेली गाडी आणखी रिकामी. असे दोन-चार फेरे झाले कीं बस बंद पडते, आणि सोलापूरकरांना बसची संवयच नाहीं असा शेरा कागदावर मारला जातो.

सोलापूर महापालिकेच्या परिवहनाच्या नशिबीं ह्याहून वाईट आलें. 2005 च्या अखेरीस केंद्रानें जी जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजना काढली, तींतून पुढें शहराला नव्या कोऱ्या बसगाड्या मिळाल्या. थोड्याच काळांत त्यांतल्या कित्येकींच्या सांगाड्यांना तडे गेले आणि त्या आगारांत उभ्या राहिल्या. त्यानंतर 2016 सालीं स्मार्ट शहरांच्या पहिल्या वीस नांवांत सोलापूर आलें. 2023 सालीं केंद्रानें विजेवर चालणाऱ्या बसगाड्यांची योजना जाहीर केली, तींतहि आपलें नांव आहे. दरम्यान दूर जाण्याच्या सोयी मात्र झपाट्यानें झाल्या. फेब्रुवारी 2023 मध्यें मुंबईस साडेसहा तासांत नेणारी वंदे भारत गाडी सुरू झाली. विमानाच्या वाटेंत येते म्हणून त्याच सालच्या जूनमध्यें सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडण्यांत आली, आणि जून 2025 मध्यें येथून गोव्याला विमान उडालें. विमानाविरुद्ध माझें कांहीं म्हणणें नाहीं. परंतु जें शहर विमानासाठीं एवढी उंच चिमणी आडवी करूं शकतें, त्याला थांब्यावर सावलीपुरतें एक छप्पर उभें करणें जड कां जावें, हें मला उमगत नाहीं; आणि सोलापूरचें ऊन कसें असतें हें येथें चैत्र काढलेल्यास सांगावयास नको.

वस्ती आणि बस ह्यांची सांगड घालतां येते, आणि ती कोणीं घातलीहि आहे. ब्राझील देशांतील कुरितिबा ह्या शहरानें 1974 पासून रस्त्यांच्या मधोमध फक्त बसगाड्यांसाठीं मार्गिका राखल्या, आणि उंच इमारतींना परवानगी दिली ती त्याच मार्गांच्या कडेला. मार्गापासून दूर जावें तसतशीं घरें बुटकीं. म्हणजे जेथें माणसें जास्त तेथें गाडी, आणि जेथें गाडी तेथेंच माणसें जास्त. पुण्यानें 2006 सालीं अशाच मार्गिकेचा प्रयोग केला, पण तिचा सलगपणा टिकला नाहीं. अहमदाबादेनें 2009 सालीं केला तो पुष्कळ अधिक नेटानें केला. सोलापुरासारख्या सपाट आणि सरळ रस्त्यांच्या गांवाला ह्यांतलें पुष्कळ घेण्याजोगें आहे.

ह्या सगळ्याचा खरा कस लागतो तो अक्कलकोट रस्त्यावर, कुंभारी गांवच्या माळावर. तेथें विडी कामगार स्त्रियांसाठीं गोदूताई परुळेकर ह्यांच्या नांवानें दहा हजार घरांची वसाहत झाली. 1 सप्टेंबर 2006 रोजीं पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग ह्यांच्या हस्तें घरांचें वाटप झालें. त्याच परिसरांत पुढें रे नगर ही तीस हजार घरांची योजना उभी राहिली. 9 जानेवारी 2019 रोजीं पंतप्रधान नरेंद्र मोदी ह्यांनीं तिची कोनशिला बसविली, आणि 19 जानेवारी 2024 रोजीं पंधरा हजार घरांच्या किल्ल्या दिल्या. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर काम करणारे, कचरा वेंचणाऱ्या, वाहनें चालविणारे, अशांचीं हीं घरें आहेत. दोन निरनिराळ्या पक्षांचे पंतप्रधान एकाच माळावर आले, आणि मध्यें झटणारे आडम मास्तर तिसऱ्याच पक्षाचे. पक्षापक्षांचे मतभेद कांहींहि असोत, पत्र्याच्या झोंपडींत जन्म काढलेल्या बाईच्या हातांत स्वतःच्या घराची किल्ली पडली, ह्या गोष्टीपुढें मी तरी मान लववितों. शहरांत एवढी सलग जमीन तिच्या ऐपतींत कोठें मिळणार होती, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला सोपें उत्तर नाहीं.

पण त्या बाईचा दिवस डोळ्यांपुढें आणा. विडीचें काम कसें चालतें हें आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस ठाऊक नसेल. पानें आणि तंबाखू कारखान्याच्या शाखेंतून आणावयाचीं. रात्रीं पानें भिजवावयाचीं, कातरावयाचीं. दिवसभर वळून, दोरा बांधून, जुड्या करून त्या पुन्हां शाखेंत नेऊन मोजून द्यावयाच्या. मजुरी हजारी हिशेबानें मिळते. मोजणारानें वाईट म्हणून बाजूस काढलेल्या विड्या गेल्या त्या गेल्याच. गांवांत राहत होती तोंवर ही ने-आण ती डोक्यावर टोपली घेऊन पायीं करी; येतांना बाजार होई, मुलाला शाळेंतून आणणें होई. कुंभारी शहराच्या मध्यापासून दहा किलोमीटरांच्या आसपास दूर. तेथून शाखा असेल तेथपर्यंत जावें यावें तर रिक्षांत दाटीवाटीनें बसून भाडें द्यावयाचें, आणि तें भाडें हजार विड्यांच्या मजुरींतून वजा व्हावयाचें. घर मिळालें हें खरें. त्या घरापासून कामापर्यंतची वाट मात्र तिला रोज विकत घ्यावी लागते. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याची तऱ्हा हीच, आणि पहांटे झाडू घेऊन निघणारीची तर त्याहून बिकट.

आपल्या घरांतून हल्लीं एक तक्रार वारंवार ऐकूं येते: "भांडींवाल्या बाई आतांशा फार उशीरा येतात." त्या पूर्वीं कोठें राहत होत्या आणि आतां कोठें राहावयास गेल्या, हें एकदां विचारून पाहावें. कित्येक घरीं उत्तर कुंभारीच्या दिशेनें येईल.

गरिबांच्या घरांसाठीं शहरांत जागाच नव्हती, असें मात्र मला म्हणवत नाहीं. गिरण्या एकामागून एक थंडावल्या, तेव्हां स्थानकापासून पायीं जाण्याच्या अंतरावर मोठमोठीं आवारें मोकळीं झालीं. 'जुनी मिल कंपाउंड' हें आतां एका वस्तीचें नांव होऊन राहिलें आहे. मुंबईंत 1991 च्या नियमांनीं गिरणीची जमीन मोकळी झाली तर तिचा एक तृतीयांश भाग मैदानांस, एक तृतीयांश स्वस्त घरांस आणि उरलेला मालकास असा वांटा ठरविला होता. 2001 सालीं त्या नियमांत असा बदल झाला कीं वांटणी सबंध जमिनीची न होतां फक्त इमारतीविना मोकळ्या पडलेल्या तुकड्याची व्हावी, आणि 2006 सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो बदल वैध ठरविला. मुंबईसारख्या जागरूक शहराची ही गत, तर सोलापूरचा आवाज तो केवढा! तरीहि मला राहून राहून वाटतें, त्या तीस हजार घरांतलीं पांच हजार जरी भोंग्याच्या जुन्या टप्प्यांत बसविलीं असतीं, तर तेवढ्या बायकांची वाट फुकट झाली असती, आणि तेवढ्याच माणसांनीं गांवांतली बसहि भरली असती.

जें झालें तें झालें; माळावरचीं घरें उचलून आणतां येत नाहींत. तेथें बस मात्र नेतां येते, आणि येथें माझें वरचें त्रैराशिक त्या वसाहतीच्याच बाजूनें बोलतें. चाळीस हजार घरें, घरटीं चार माणसें धरलीं तरी दीड लाखाहून अधिक वस्ती, आणि ती सगळी एका रस्त्याच्या टोंकाला, एकाच दिशेनें सकाळीं निघणारी व संध्याकाळीं परतणारी. बस चालविणाऱ्यास ह्याहून चांगला मार्ग कोणता हवा? हद्दवाढींतल्या विखुरलेल्या बंगल्यांमधून फिरणारी गाडी रिकामी जाईल. ही जाणार नाहीं. अडचण सांगितली जाते ती एवढीच, कीं कुंभारी महापालिकेच्या हद्दींत येत नाहीं. घर हद्दीबाहेर आहे हें खरें, पण तेथील माणसाचें काम, दवाखाना, बाजार आणि देव हद्दीच्या आंतच आहेत. शाखा उघडण्यापूर्वीं पोंचणारी पहिली गाडी, यंत्रमागाची पाळी सुटल्यानंतरची शेवटची, टोपली ठेवावयास मागें थोडी मोकळी जागा, आणि महिन्याचा पास. एवढ्यानेंच त्या चाळीस हजार घरांचें मोल पुष्कळ वाढेल. विजेच्या नव्या गाड्या कोणत्या रस्त्यांवर सोडावयाच्या ह्याचा विचार होईल, तेव्हां यादींत अक्कलकोट रस्ता पहिला असावा असें माझें स्पष्ट मत आहे.

महापालिकेच्या अंदाजपत्रकाचे दिवस आले कीं आपल्याकडे रस्त्याच्या डांबराची आणि घरपट्टीची चौकशी सगळेच करतात. वाचकांपैकीं ज्यांची तेथें ओळख असेल त्यांनीं ह्या वेळीं कुंभारीहून निघणाऱ्या पहिल्या व शेवटच्या गाडीची वेळहि विचारून घ्यावी, आणि मला एका पोस्टकार्डानें कळवावी. पाण्याचा विषय वर ओझरता आला. त्यावर पुढील अंकीं सविस्तर लिहावें असा मानस आहे.